कोळशाला तहान लागते

सहा सप्टेंबर. सकाळपासून कोळसा चाळणं चालू आहे. दोन बाया चाळणीवर, एक पोतं धरायला, आणि मी नाकाला रुमाल बांधून शेडच्या दारात खुर्ची टाकून हे लिहिते आहे, कारण परवा संपादकांचा तिसरा फोन आला. ‘तुमचा प्रेरणादायी प्रवास लिहा,’ म्हणाले. प्रवास म्हणाल तर लातूर ते रेणापूर तालुक्यातलं हे गाव, तोही स्कूटीवर. प्रेरणेचं मला काही माहीत नाही. कामाचं विचाराल तर सांगते, आणि त्यात माझी फजितीही येईल. ती कापणार असाल तर लेख छापू नका.

आधी काम काय आहे ते, कारण दहातले नऊ जण मला सरपण विकणारी समजतात. तूर झोडपून झाली की तुराट्या उरतात, कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या. पूर्वी त्या चुलीत जायच्या. आता घरोघरी गॅस, म्हणून बांधावर ढीग करून काडी लावतात. दोन दिवस गावभर धूर आणि मागे घमेलंभर राख, तीही वाऱ्यावर. आम्ही त्याच तुराट्या शंकूसारख्या खड्ड्यात रचतो आणि वरून पेटवतो. वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की त्यावर पुढचा थर. मग खालच्याला हवा मिळत नाही, तो जळून जात नाही, त्याचा कोळसा होतो. खड्डा भरला की पाणी ओतून विझवायचं. सगळं कसब एवढंच: राख व्हायच्या आत थांबवायचं.

हा कोळसा मातीत घातला की वर्षानुवर्षं कुजत नाही. त्याच्या अंगभर बारीक भोकं असतात, त्यांत पाणी आणि खत धरून ठेवतो. शिकलेले लोक त्याला बायोचार म्हणतात. आमच्या शेडवरची मुकादम शेवंताबाई त्याला ‘आपला माल’ म्हणते. माल पक्का झाला का हे बघायला यंत्र लागत नाही. हाताला लागलेला काळा रंग नुसत्या पाण्यानं निघाला तर पक्का. साबण मागितला तर कच्चा, तेलकट, परत खड्ड्यात.

ह्याच्या आधी चौदा वर्षं मी नांदेडला माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत होते. शेतकरी पिशवीत माती आणायचे, मी कागदावर आकडे द्यायची. ‘सेंद्रिय कर्ब कमी’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की शेवटी त्याचा शिक्काच करून घेतला. लोक कागदाची घडी करून खिशात ठेवायचे आणि घरी जाऊन काडी लावायचे. म्हणजे जे मातीत नाही म्हणून मी लिहून देत होते, तेच बांधावर पेटत होतं. नवऱ्याची बदली लातूरला झाली, तेव्हा मी ती नोकरी सोडली आणि हे सुरू केलं. ‘कोळशात हात काळे करायला एमएस्सी केली का?’ असं सासरी विचारलं गेलं. हो, त्यासाठीच केली होती. मला फक्त उशिरा कळलं.

सुरुवातीला नांदेडच्या एका कृषी प्रदर्शनात मी टेबल मांडलं होतं. पहिलं गिऱ्हाईक एक इस्त्रीवाला. पाटीवर ‘कोळसा’ वाचला आणि पोतं उचलून गेला. मी दुसऱ्या कुणाला समजावत होते, माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन हजर.

“ओ बाई, काय इकून राहिल्या तुमी? इस्त्रीत टाकला की फुर्र! शर्टाची एक बाही व्हईना.”

“दादा, हा जाळायचा नाही. मातीत पुरायचा आहे.”

“पण जाळलेलाच हाय की ह्यो.”

“हो. आधी जाळायचा, मग पुरायचा.”

तो टेबलाभोवतीच्या लोकांकडे वळला. “ऐका! जाळायचं बी आन पुरायचं बी. एकाच मयताला दोन-दोन रीती!”

सगळे हसले, मीही हसले. पोतं परत घेतलं. जाताना त्यानं तांब्याभर कोळसा मोगऱ्याच्या डब्यात टाकायला म्हणून मागून नेला. अशा गोष्टींत पुढे मोगरा फुलतो. त्याचं काय झालं मला माहीत नाही. तो पुन्हा भेटला नाही.

भानुदासरावांच्या ज्वारीचं काय झालं ते मात्र चांगलं माहीत आहे. भानुदासराव ह्याच गावचे शेतकरी. शेडसाठी ग्रामपंचायतीची पडीक जागा मिळावी म्हणून त्यांनीच शब्द टाकला होता. रब्बीच्या पेरणीआधी त्यांनी बारा पोती नेली आणि रानात विस्कटली. महिन्यानं आले ते हातात उपटलेली ताटं घेऊन. माझ्या टेबलावर आपटली.

“ह्ये बघा. कावीळ झाल्यावाणी झालंय रान.”

“कोरडाच टाकला का?”

“मग वला कुठून आणू? पोत्यात कोरडाच व्हता की.”

“पोत्यावर लिहिलं होतं, भानुदासराव. पंधरा दिवस शेणकाल्यात भिजवायचा, मग टाकायचा.”

“पोतं वाचून कोण टाकतंय, मॅडम? पोतं फाडून टाकतेत.”

कोरडा कोळसा रिकाम्या पोटी असतो. तसाच मातीत घातला तर पिकाच्या ताटातलं आधी तो खातो, आणि पीक पिवळं पडतं. हे मला ठाऊक होतं, मी ते छापलं होतं, म्हणजे मी बरोबर होते. तसं मी त्यांना ठणकावून सांगितलं. ते ताटं तिथंच टाकून निघून गेले. बरोबर असण्याचा मला त्या काळात फार सोस होता. त्यानंतर आम्ही शेतासाठीचा माल भिजवूनच द्यायला लागलो. पण भानुदासरावांकडे जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणायचं राहिलं ते राहिलंच.

आता भिंतीचं.

कोळसा चाळला की खाली बारीक चुरी उरते. शेतात ती वाऱ्यानं उडते, म्हणून आम्ही ती कोपऱ्यात साठवत होतो. शेडचा ओटा बांधायला नांदेडहून उस्मानभाई आले होते. जुन्या वस्तीतले गवंडी, बाप आणि आजा चुन्यातले कारागीर. त्यांनी चुरी चिमटीत धरून चोळली.

“मॅडम, ही चीज सिमेंटात घालून बघू. आमचे अब्बा चुन्यात काय काय घालायचे. गूळ, बेलफळ, उडीद. कोळसा तर काहीच न्हाई.”

आम्ही वर्षभर साच्यात ब्लॉकचे नमुने पाडले, फोडले, पुन्हा पाडले. दगडाची कच, सिमेंट आणि थोडी चुरी. प्रमाण जास्त झालं की ब्लॉक ढासळतो, बेताचं असलं की वजनाला हलका होतो आणि उन्हात कमी तापतो. अट एकच: चुरी आदल्या दिवशी पाण्यात पूर्ण भिजवलेली हवी. भिजलेली असली की ती पोटातलं पाणी हळूहळू सिमेंटला देते आणि ब्लॉक आतून पक्का होतो. कोरडी असली की उलट. सिमेंटच्या वाट्याचं पाणी तीच पिऊन टाकते. ज्वारीत जे झालं तेच. शिवाय पाडलेल्या ब्लॉकवर किमान दोन-तीन आठवडे पाणी मारावं लागतं.

गावातल्या अंगणवाडीची पश्चिमेची भिंत दुपारी तव्यासारखी तापायची. भिंतीला टेकलेलं पोर चटका बसून उठायचं. पंचायतीनं परवानगी दिली आणि चैत्रात आम्ही त्या भिंतीच्या बाहेर, वीतभर अंतर सोडून, आमच्या ब्लॉकची दुसरी भिंत उभी केली. छताचा भार तिच्यावर नाही. तिनं फक्त ऊन अडवायचं. माझं पहिलं सरकारी काम. मी मोबाइलवर किती फोटो काढले ते सांगत नाही.

भिंत गुडघ्याच्या वर आली तेव्हा उस्मानभाईंनी दोन ब्लॉक एकमेकांवर वाजवले.

“मॅडम, आवाज बद्द येऊन राहिला.”

“कोळसा आहे आत, उस्मानभाई. असाच वाजणार.”

त्यांनी पुन्हा वाजवला. मग थापी उचलली. “तुम्ही शिकलेल्या. चढवतो.”

मे महिन्यात अंगणवाडीच्या मंगलताईंचा फोन आला. “ताई, जरा येऊन जा. लसीकरणाचा तक्ता बाहेरच्या भिंतीवर लावायला खिळा धरला, हातोडी उचलायच्या आधीच आत गेला.”

मी गेले. अंगठ्यानं दाबलं तर खरंच आत जात होता. ब्लॉकची कड नखानं खरवडली, भुकटी पडली. मंगलताईंनी पोरांना आत घेतलं, मी त्या बाजूला दोरी बांधली, काटे लावले आणि तडक शेडवर आले. दिवसभर खुर्चीत बसून नुसतं काम बघितलं.

दुपारी शेवंताबाईनं चुरी टाकीत टाकली आणि वर पाणी सोडलं. टाकीला आतून लाल रेघ मारलेली आहे. पाणी तिथवर यायला हवं. अर्ध्यावरच तिनं नळी काढली आणि बाहेर जनावरांच्या हौदात सोडली.

“शेवंताबाई, रेघेपर्यंत भर ना.”

“भिजला की त्यो. वरून वला दिसायलाय.”

“आतून भिजायला पाहिजे.”

“आवो मॅडम, कोळसाच हाय त्यो. त्याला काय तहान लागती का? म्हशी बघा कशा उभ्या ऱ्हायल्यात.”

“किती दिवस असं चाललंय?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी. “पौषापासून. हिर आटल्यापासून. तुमीच म्हनल्या ना, शेवंताबाई, तुझ्यामुळं टँकर कमी लागतो म्हणून?”

म्हणाले होते. एकदा नाही, दर महिन्याला. तालुक्याच्या बैठकीतही छाती काढून सांगितलं होतं की आमच्या शेडला टँकर निम्माच लागतो. कुठलं पाणी वाचतंय हे मी विचारलं नाही. ब्लॉकवर पाणी मारायचं म्हणजे ह्या बाया दारात सडा टाकावा तसं ओंजळीनं शिंपडत होत्या. पण त्यांना नावं ठेवायला मला जागा नव्हती. आमच्या घरात मी पाहुण्याला अर्धाच पेला भरून देते. हवं तर पुन्हा घ्या. तांदळाचं धुवण झाडाला, कपड्यांचं पाणी अंगणाला. ह्या भागात बाई पाणी ओतताना तिचा हात आपोआप मागे येतो. पुण्याकडे ही चूक कुणी केली नसती. आमच्याकडे ती शहाणपणात मोडते, आणि त्या शहाणपणाला मीच शाबासकी देत होते.

तोवर भिंतीची बातमी गावभर झाली होती. शेडची जागा पंचायतीची, आणि ती काढून घ्यावी असा ठराव ग्रामसभेत यायचा होता. जवळच्या एका वीटभट्टीवाल्यांचा त्या जागेवर आधीपासून डोळा होता. भानुदासराव आता सरपंच झाले होते. सभेच्या आदल्या संध्याकाळी ते शेडवर आले. चहा नको म्हणाले, म्हणजे काम महत्त्वाचं.

“मॅडम, उद्या सभेत एकच वाक्य बोला. गवंड्यानं मसाला बिघडवला. बास. पुढचं मी सांभाळतो.”

“उस्मानभाईंनी काही बिघडवलेलं नाही.”

“मला म्हाईत हाय. पण त्यो नांदेडचा. हितं त्याला कोण वळखतंय? त्यो जाईल निघून. शेड राहील, ह्या नऊ बायांचं काम राहील.”

“आणि त्यांना ह्या तालुक्यात पुन्हा काम कोण देईल?”

“नांदेड काय ल्हान हाय का?”

मी तिथल्या तिथे बाणेदार उत्तर दिलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. दिलं नाही. ‘बघते’ म्हणाले. लातूरला पोचेपर्यंत डोक्यात तेच. एका बाजूला नऊ बाया, त्यातल्या चौघी एकट्या घर चालवणाऱ्या. दुसऱ्या बाजूला एक माणूस, ज्याच्याजवळ थापी, ओळंबा आणि नाव सोडून दुसरं भांडवल नाही. हिशेब भानुदासरावांच्या बाजूनं सरळ लागत होता. फक्त त्या माणसानं मला वेळेवर सांगितलं होतं, आणि मी त्याला गप्प केलं होतं, हे त्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं.

सभा मारुतीच्या पारावर. उस्मानभाई मागे, चपलांच्या ढिगापाशी उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून आले होते. वीटभट्टीवाले पहिल्यांदा उठले.

“राखेची भिंत बांधली ह्या बाईनं! उद्या लेकरांच्या अंगावर आली तर?”

मी उभी राहिले. “राख नाही, कोळसा. भिंत कच्ची आहे, ते मात्र खरं. मिस्त्रीनं काम चोख केलंय. माल कच्चा होता आणि ते त्यांनी मला बांधतानाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

भानुदासरावांनी कपाळाला हात लावला. शेवंताबाई बायांतून ताडकन उठली. “पानी आमी वाचविलं! त्याची काय फाशी देताव का?”

“तू खाली बस, शेवंता. वाचव म्हणून मी सांगितलं होतं.”

“आन माझ्या ज्वारीच्या टायमाला?” भानुदासराव एकदम बोलले. सरपंच म्हणून नाही. ते दुखणं जुनं होतं. “तवा तर पोत्यावर लिव्हलंय म्हणून मला झाडलं व्हतं.”

“तेव्हाही चूक माझीच होती. फाडून टाकायच्या पोत्यावर लिहून मी मोकळी झाले होते.”

पारावर कुजबुज झाली. भानुदासरावांनी हात वर करून ती थांबवली.

“मग आता काय करणार?”

“उद्या सकाळी भिंत पाडते.”

“पाडून?”

“परत बांधते.”

“कशानं?”

“ह्याच मालानं.”

त्यावर जो गलका झाला त्यात पुढचं कुणाचंच ऐकू आलं नाही. ‘बाई लई हट्टी हाय’ एवढं मात्र दोन-तीनदा कानावर आलं. हट्टी आहे. कापसाची पऱ्हाटी जाळणं ही गावाची रीत आणि कोळशाचा ब्लॉक म्हणजे बाईचं खूळ, असं म्हणणाऱ्यांच्या गावात हट्टाशिवाय शेड उभी राहत नाही. चूक माझ्या हातून झाली होती. मालाकडून झाली नव्हती. ह्या दोन गोष्टी लोक एकत्र करत होते आणि मी तसं करू देणार नव्हते.

ठराव सोमवारवर गेला. तोपर्यंत शेडला कुलूप, किल्ली सरपंचांकडे. पाराच्या खाली उस्मानभाई भेटले. आभार वगैरे काही नाही.

“सकाळी किती वाजता?”

“सहा.”

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही अंगणवाडीच्या मागे होतो. उस्मानभाईंनी घण माझ्या हातात दिला. “तुमचा माल, पहिला हात तुमचा.” वरचे थर पाडायला घणाची गरजच नव्हती, कुदळीच्या दांड्यानं ढासळत होते. आठपर्यंत भिंत गुडघ्यापर्यंत खाली आली. शेवंताबाई आणि बाकीच्या, मजुरी बंद असताना, घमेली घेऊन येऊन उभ्या राहिल्या आणि मी काही म्हणायच्या आत मलबा वाहायला लागल्या.

खालच्या दोन थरांवर मी घण घातला आणि तो उसळून परत आला. हाताला खांद्यापर्यंत झिणझिण्या. पुन्हा घातला. टवका उडाला, ब्लॉक तसाच. उस्मानभाईंनी घण घेतला, त्यांचंही तेच. आम्ही एकमेकांकडे बघितलं. हे ब्लॉक भाद्रपदात साच्यात पाडलेले, सगळ्यात जुने, म्हणून रचताना सगळ्यात आधी उचललेले. भाद्रपदात विहीर तुडुंब होती. तेव्हा टाकी रेघेपर्यंत भरायला कुणाचा हात मागे आला नव्हता.

मी भानुदासरावांना फोन लावला. “अंगणवाडीच्या मागे या. आत्ता.”

ते मोटारसायकलवर आले. मी घण पुढे केला. “हा खालचा थर फोडून दाखवा.”

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा बायांकडे बघितलं, बाह्या वर केल्या आणि तीन घाव घातले. शेतकऱ्याचे घाव, कसर न ठेवता. मग घण खाली ठेवून वाकले आणि ब्लॉकवरून हात फिरवला.

“ह्यो बी तुमचाच?”

“हाच आमचा. वरचा तहानलेला होता.”

त्यांनी कपाळ पुसलं.

“शेडची किल्ली द्या,” मी म्हणाले. “नव्या ब्लॉकसाठी चुरी भिजत घालायची आहे.”

“ठराव सोमवारी हाय, मॅडम.”

“ठराव सोमवारी होऊ द्या. चुरी आज भिजली तर उद्या नवे ब्लॉक साच्यात पाडता येतील.”

त्यांनी खिसा चाचपला, किल्ली काढली आणि माझ्या हातात न देता शेवंताबाईच्या घमेल्यात टाकली. मी टँकरवाल्याला फोन केला आणि आख्खा टँकर सांगितला.